जांभळा जावई

"मले एका रातीची सुटी द्या बाई. राजाच्या हातानं मरतो आन् सकाळी येऊन तुमच्या खाटेवर निजतो," इतवारी हात जोडून म्हणाला. म्हणता म्हणताच त्याला असं हीव भरलं की दवाखान्याची खाट फरशीवर खडखडू लागली.

नर्सबाई इंदुताईंनी थर्मामीटर खिडकीशी धरून पाहिलं आणि झटकलं. "राजापर्यंत पोचायच्या आधीच मरशील. पड गुमान."

"मंग राक्षस कोन करन?"

हा प्रश्न एकट्या इतवारीचा नव्हता, आमच्या अख्ख्या गावाचा होता. दिवाळी सरली की आमच्या झाडीच्या मुलखात गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार, जिलबी, पाहुणेरावळे. रात्री दंडार, म्हणजे ढोलकीवर गाणी, सोंगं आणि उजाडेपर्यंत चालणारं नाटक. याच दिवसांत सोयरिकीही जुळतात, कारण सगळे सोयरे आयतेच एका ठिकाणी सापडतात आणि जेवण एकदाच रांधावं लागतं. गावाचं नाव मात्र मी सांगत नाही. आरमोरीहून बैलगाडीनं अर्ध्या दिवसावर आहे, एवढं पुरे. आमची आधीच पुष्कळ शोभा झाली आहे.

एखाद्या वर्षी धान कमी पिकलं तर आम्ही चालवून घेतो. पण शेजारच्या गावाचा राक्षस आमच्या राक्षसापेक्षा मोठ्यानं ओरडला, तर आम्हाला पुढच्या मंडईपर्यंत अन्न गोड लागत नाही. आम्ही असेच आहोत. आमच्या गावात शाळेचं छप्पर दोन पावसाळे गळत होतं, पण दंडारीचा मांडव कधी गळला नाही.

संध्याकाळी दंडारीचे मुख्य नानाजी दवाखान्यात आले. ताप उतरत नाही हे पाहून ते खाटेच्या पायथ्याशी मटकन बसले.

"इतवारीचं सोंग दुसरं कोनाले येते?" इंदुताईंनी विचारलं.

"येते एकाले. पन थो करू शकत नाई."

"कोण?"

"माहा पोट्टा. मुखरू."

मुखरूला राक्षसाचं सोंग तोंडपाठ होतं. लहानपणापासून तो इतवारीच्या मागे राक्षसाची शेपटी धरून फिरला होता. पण त्याला पाहायला नदीपलीकडचा रामाजी मंडईत यायचा होता, आणि रामाजीचा हट्ट पंचक्रोशीत ठाऊक होता. तोंडाला रंग लावणाऱ्याच्या घरी तो पोरगी देत नसे. दंडारीच्या नादानं माणसं कापणी सोडून देतात, ढोलकी वाजली की बैलांना चारा घालायचं विसरतात, असं त्याचं म्हणणं होतं. आमच्याविषयी बोलायचं तर त्यात खोटं काहीच नव्हतं. थोरल्या दोन मुली त्याने अशाच घरी दिल्या होत्या, जिथे भजनाचा टाळसुद्धा सापडायचा नाही. आता तिसरी, भागीरथा, राहिली होती. मुखरूनं तिला आरमोरीच्या बाजारात एकदाच पाहिलं होतं. तेव्हापासून भाकरीचा घास हातात घेऊन तो भिंतीकडे पाहत बसे.

"मंग गावाची अब्रू पाहू का पोट्ट्याचं लगन पाहू?" नानाजी म्हणाले. "तुमीच सांगा बाई."

खरं म्हणजे अशा वेळी नर्सनं क्विनीनची बाटली उचलावी आणि निघून जावं. पण इंदुताईंना एक वेड होतं. त्या कलावंत होत्या. निदान त्यांना तसं वाटे. उमरेडच्या शाळेत त्यांच्या चित्राला एकदा बक्षीस मिळालं होतं आणि तेव्हापासून हाताची खाज गेली नव्हती. दवाखान्याच्या भिंतीवर त्यांनी गेरूनं मोर काढला होता. पेशंट त्याला कोंबडा समजत आणि बाई कोंबडा कापणार कधी म्हणून विचारत. उशीच्या खोळींवर विणलेल्या कमळांना सगळे कांदे म्हणत. इंदुताई स्वतःच हसून सांगत, "माझ्या चित्राखाली नाव लिहावं लागतं. आणि वाचता येणारा पेशंट मला अजून मिळालेला नाही."

तर अशा बाईंसमोर नानाजी एक कोरा चेहरा घेऊन बसले होते.

"मुखरूलाच राक्षस करा," इंदुताई म्हणाल्या. "मी रंगवते. असा रंगवते की त्याची आईसुद्धा ओळखणार नाही, मग रामाजी काय ओळखतो!"

"तो कायले ओळखन? तो तं दंडारीकडे फिरकतच नाई," इतवारी गोधडीतून म्हणाला. "गावातल्या बहिनीच्या घरी कान झाकून निजते. पन दुसरं कोनी पाहून सांगन नाई का त्याले?"

"म्हणूनच तर ओळखू येता कामा नये."

"आमच्यापाशी रंगाची पेटी हाय," नानाजी म्हणाले.

"ती पेटी माझ्यासमोर उघडू नका. गेल्या मंडईनंतर दोन राण्या आणि एक प्रधान तोंडाला पुरळ घेऊन आले होते. महिनाभर मलम चोळलं मी त्यांना. दवाखान्यातलेच रंग वापरू. एकदम स्वच्छ."

आमच्या गावाला आजवर पुष्कळ राक्षस लाभले, पण निर्जंतुक राक्षस हा पहिलाच.

मंडईच्या दिवशी सांजेला इंदुताईंनी दार लावून घेतलं आणि मुखरूला स्टुलावर बसवलं. ओठांना लाल औषध, भुवयांना काजळ, गालांवर पांढऱ्या मलमाचे पट्टे. आणि सगळ्या तोंडाला, कानामागे, मानेपर्यंत, जखमेवर लावतात ते जांभळं औषध. दवाखान्यात त्याची पूड येते. चिमूटभर पूड बाटलीभर पाण्यात टाकायची असते. पण मशालीच्या उजेडात रंग उठून दिसावा म्हणून बाईंनी वाटीभर पाण्यात अख्खी पुडी टाकली. मुखरू डोळे मिटून बसला होता. इतवारी खाटेवरून कोपरावर टेकून सूचना करत होता.

"नाकाखाली आनखी मारा बाई. माह्या टायमाले नाक असं गोरं नव्हतं राह्यत."

काम संपल्यावर इंदुताई दोन पावलं मागे सरल्या आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी काढलेली गोष्ट तीच दिसत होती जी त्यांनी काढायला घेतली होती. राक्षस म्हणजे राक्षस. कोंबडा नाही, कांदा नाही.

दंडार रंगली. शेजारच्या गावचे लोक उजाडता उजाडता मान खाली घालून घरी गेले, यातच सगळं आलं. इंदुताई मात्र इतवारीच्या उशाशी बसून होत्या. त्याला सोडून जाणं शक्य नव्हतं. लांबून ढोलकी ऐकू येई आणि मधूनच लोकांची आरोळी उठे. ती आपल्याच रंगाला आहे असं धरून त्या खूश होत होत्या.

सकाळी मुखरू डोक्यावरून पंचा घेऊन मागच्या दारानं आला. पंचा काढला.

तो तसाच होता. मलमाचे पट्टे गेले होते, काजळ गेलं होतं, लाल ओठ गेले होते. जांभळा रंग तेवढा तसाच होता, आणि नदीवर वाळूनं घासल्यामुळे त्याला पॉलिश केल्यासारखी चकाकी आली होती.

"साबन लावला. राख लावली. ताकानं धुतलं. मायनं लिंबू पन चोळलं," मुखरू रडकुंडीला येऊन म्हणाला. रात्रभर ओरडून त्याचा आवाज पार बसला होता. "हे कवा निघते बाई?"

इंदुताईंनी कापसाला स्पिरिट लावून त्याचं तोंड चोळायला घेतलं. कापूस जांभळा झाला. बोळ्यांचा ढीग जांभळा झाला. तोंडावर परिणाम नाही. चोळता चोळता त्यांची नजर स्वतःच्या बोटांवर गेली आणि हात थांबला. नोकरीला लागल्या दिवसापासून त्यांची बोटं त्या औषधानं जांभळी होती. धुवून, घासून, बदली होऊनही कधी निघाली नव्हती.

"अगं बाई," त्या स्वतःशीच म्हणाल्या, "इतकी वर्षं हातावर लिहून ठेवलंय, आणि तू वाचलं नाहीस."

"काय लिवलं हाय?"

"मी गाढव आहे, असं लिहिलंय."

"मंग माहं लगन?"

या प्रश्नाला औषधांच्या कपाटात उत्तर नव्हतं. न्याहारी झाली की रामाजी मुलगा पाहायला येणार होता. गावानं तोंडाला कुलूप लावलं होतं. राक्षस कोण होता हे कोणी सांगणार नव्हतं. पण जांभळ्या चेहऱ्याला काय सांगायची गरज? तो स्वतःच गावभर दवंडी पिटत होता. मुखरू भिंतीकडे तोंड करून बसला. त्याचे खांदे हलत होते. राक्षसाला रडताना पाहून इंदुताईंना इतकं वाईट वाटलं की त्यांनी कपाटातलं होतं नव्हतं ते सगळं बँडेज काढलं आणि त्याच्या डोक्याला गुंडाळायला सुरुवात केली. नाकाला भोक, एका डोळ्याला भोक. बाकी सगळं पांढरं.

"आजारी आहेस. बोलायचं नाही. मी सांभाळते," त्या म्हणाल्या.

काय सांभाळायचं हे ठरायच्या आत दारात काठी वाजली. पोरगा दवाखान्यात गेलाय एवढंच कळलेल्या नानाजींच्या मागून रामाजी आला. मिशा पांढऱ्या, मान ताठ. नानाजींनी खाटेवरचं बोचकं पाहिलं आणि तेच आधी घाबरून ओरडले, "अरे बापा! हे काय झालं?"

इंदुताईंनी तोंड उघडलं. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती.

"अस्वलानं धरलं," इतवारी बोलला.

त्याचा ताप दिवसाआड यायचा आणि आज सुटीचा दिवस होता. शिवाय कालच्या रात्री न बोललेलं सगळं भाषण त्याच्या पोटात तसंच होतं.

"कवा?" रामाजीनं विचारलं.

"आज पहाटे. सरपनाले गेला होता."

"मंडईच्या पहाटे? सारं गाव दंडारीत असताना?"

"याले दंडार आवडत नाई. लय कामाचा पोट्टा हाय."

रामाजीनं 'अस्सं' म्हणून मान हलवली. नानाजींना पोरगा शुद्धीत आहे की नाही, राक्षस अस्वलाला कधी भेटला, काहीच कळेना; ते आळीपाळीनं सगळ्यांची तोंडं पाहत होते.

"पिल्लंवाली होती," इतवारी पुढे सांगत सुटला. "दोन पिल्लं. यानं कुऱ्हाड टाकून देली आन् हातानंच भिडला. माय हाय म्हने, मारू कसा?"

"इतवारी, तू झोप," इंदुताई म्हणाल्या.

"दुखते काय रे बाबू?" रामाजीनं खाली वाकून विचारलं.

बोलायचं नाही हे मुखरू विसरला. बँडेजच्या आतून "नाई जी" असा जो घोगरा, पाताळातून आल्यासारखा आवाज निघाला, त्यानं खिडकीतली चिमणी उडाली.

"आवाज काऊन असा?"

"अस्वलावर ओरडला," इतवारी म्हणाला.

खोटं एवढ्यावर राहिलं असतं तर निभलं असतं. पण दवाखान्याच्या खिडकीशी आमचं गाव उभं होतं, आणि आमच्या गावात बातमी पायी चालत नाही. घटकाभरात अस्वल मंडईभर फिरलं. जिलबीच्या दुकानापाशी ते नर होतं, भांड्यांच्या दुकानापाशी त्याची तीन पिल्लं झाली आणि धानाच्या खळ्यापर्यंत पोचता पोचता ते पिसाळलं. राक्षस कोण होता हे ठाऊक असलेले लोकसुद्धा भाले घेऊन निघाले. त्यांना विचारलं तर म्हणाले, राक्षस वेगळा आन् अस्वल वेगळं.

मग जंगल खात्याचे नाकेदार गुणवंतराव आले. ते रात्रभर नाक्यावर होते, दंडार त्यांनी पाहिली नव्हती. त्यांनी टोपी सारखी केली आणि पिसाळलेलं जनावर मोकळं असेपर्यंत आरमोरीचा जंगलातला रस्ता बंद, असं जाहीर करून टाकलं. झालं! मंडईला आलेल्या गाड्या जागच्या जागी अडकल्या. बांगडीवाला कय्यूम धावतच दवाखान्यात शिरला.

"नाकेदारसाब, उद्या आरमोरीचा बाजार हाय माहा. इथं बसून काय अस्वलाले बांगड्या भरू?"

"माणूस जखमी झाला आहे, कय्यूमभाई."

"मग जखम दाखवा! फाडलं असन तं मी दोन रोज बसतो. साधं ओरबाडलं असन तं गाडी जुंपतो. पाह्यल्याबिगर कसं समजन?"

गुणवंतरावांना हे पटलं. त्यांनाही वरती कळवायचं होतं. "बाई, पट्टी काढा. आम्ही पाहतो."

"पट्टी काढता येणार नाही," इंदुताई म्हणाल्या. त्या खाटेसमोर आडव्या उभ्या राहिल्या. "हवा लागली तर जखम चिडते."

"मी काढतो," रामाजी म्हणाला.

काठी भिंतीला टेकवून तो पुढे आला.

"माह्या भावाले अस्वलानं धरलं होतं. त्याच्या पट्ट्या मीच बांधत होतो, मीच सोडत होतो. अस्वलाची जखम मले दाखवू नोका. सरका बाई."

इंदुताईंनी मुखरूकडे पाहिलं. भोकातून दिसणारा एकुलता एक डोळा मिटला होता. आता लग्न मोडणार, आणि ते आपल्या हातानं मोडणार. कुठून हा ब्रश हातात घेतला! मोर काढून कोणाचं काही बिघडलं नव्हतं. फार तर कोणी कोंबडा समजत होतं. त्या बाजूला सरल्या.

रामाजी खाटेवर बसला आणि एकेक वेढा सोडू लागला. खूप वेळ लागला, कारण बाईंनी भीतीपोटी तीन माणसांचं बँडेज एकाच्याच डोक्याला वापरलं होतं. शेवटचा वेढा निघाला आणि खिडकीतून आलेल्या उन्हात मुखरूचा चेहरा वांगं चमकावं तसा चमकला. ओरखडा नावालाही नव्हता. पिकलेल्या पुरळाची एक पुटकुळीसुद्धा नव्हती.

कय्यूमनं तोंडावर हात ठेवला. नानाजींनी डोळे मिटून ग्रामदेवतेचं नाव घेतलं. रामाजी मुखरूची हनुवटी धरून त्याचं तोंड एकदा इकडे, एकदा तिकडे फिरवत राहिला. त्याच्या मिशा दोनदा हलल्या.

"अस्वलच," तो म्हणाला.

"पण जखम कुठे आहे?" गुणवंतराव पुढे वाकले.

"बुजली."

"सकाळची जखम, इतक्यात?"

"बाईचं औषध तसं हाय. माह्या भावाले पातळ लावलं होतं, तं थो चार महिने पडून होता. बाईनं घट्ट लावलं. नाकेदारसाहेब, तुमच्या खात्यात असन असं औषध तं दाखवा."

गुणवंतरावांच्या खात्यात तसं औषध नव्हतं. "पण ते अस्वल अजून मोकळं आहे," ते कसंबसं म्हणाले.

"हे तोंड पाह्यल्यावर कोनतं अस्वल परत येते? आतापावेतो सिरोंच्याले पोचलं असन. रस्ता उघडा. आन् नानाजीभाऊ, पोट्टा मले पसंत हाय. हिंमतवाला हाय, दंडारीच्या नादाचा नाई. अजून काय पाह्यजे?"

नानाजींनी त्याला मिठी मारली. मुखरू आनंदानं ओरडला आणि त्या आवाजानं भिंतीवरचा गेरूचा मोरही हलल्यासारखा वाटला. कय्यूमनं जाता जाता नवरीच्या नावानं हिरव्या बांगड्यांचा जोड खाटेवर ठेवला. गाड्या जुंपल्या गेल्या, आणि जंगलात गेलेले भालेवाले हात हलवत परत आले. त्यातल्या दोघांनी अस्वलाचे ठसे पाहिले होते.

इंदुताई स्टुलावर बसून राहिल्या. दुपारपर्यंत त्यांच्या दारात रांग लागली. एकाच्या पाठीवर त्याच्या बापाच्या काळचा अस्वलाचा व्रण होता, तो बुजवून पाहिजे होता. एका म्हाताऱ्याला डोक्यावर केस पाहिजे होते. एक बाई नवऱ्याला घेऊन आली. त्याचा स्वभाव जरा बुजतो का पाहा म्हणाली. इतकी वर्षं इंदुताईंनी क्विनीन दिलं, बाळंतपणं केली, नारू काढले, तेव्हा कोणी फुलाची पाकळी दिली नाही. आणि आज एक पुडी जास्त पडली तर लोक पाया पडत होते. नर्स म्हणून हे पहिलं मोठं यश त्यांना मिळालं होतं ते चित्रकार म्हणून केलेल्या गाढवपणाबद्दल. आणि चित्राचं नाव मात्र कोणी काढत नव्हतं. त्यांना हसावं की रडावं कळेना. शेवटी त्या हसल्या, कारण रांगेतल्या म्हाताऱ्यानं टोपी काढून डोकं पुढे केलं होतं.

उन्हं कलली तेव्हा रामाजी निघायच्या आधी दवाखान्यात डोकावला. इतवारी घोरत होता. दुसरं कोणी नव्हतं.

"हळदीच्या दिवसापावेतो हे निघन ना बाई?"

"निघेल, भाऊ. लग्नाला अजून पुष्कळ वेळ आहे."

"नाई निघालं तरी चालन. वरून हळद चढतेच." तो जायला वळला, दारात थांबला, बाहेर पाहिलं, आणि परत आत येऊन हळू आवाजात म्हणाला, "पन त्याले माह्याकडून एक सांगा. राक्षसानं मरायचं तं एकदाच मरावं. तलवार लागली, पडला. मंग उठून बसला, पुन्हा भाषन देलं, पुन्हा पडला. तिसऱ्या खेपेले तं राजा बिचारा तलवार म्यान करून पान खाऊन राह्यला होता. असं करत नाईत. लोकाचा रस जाते."

इंदुताईंच्या डोक्यात ते उतरायला जरा वेळ लागला. मग एकदम उजेड पडला. हा माणूस तिथे होता! शेवटपर्यंत होता. याने सगळं पाहिलं होतं, म्हणजे तेही पाहिलं होतं. लग्न, अस्वल, नाकेदार, सगळं विसरून त्या ताडकन उठल्या.

"आणि रंग, रामाजीभाऊ? मशालीच्या उजेडात रंग कसा दिसत होता?"

रामाजीनं काठी उचलली आणि पागोटं नीट केलं.

"कोनता रंग बाई?" तो म्हणाला. "मी तं काल सांजेपासून झोपलो होतो."